घरातला एकच कप

सिंक भरलं की भैरवीला त्यात भांडी दिसायचीच नाहीत. दिसायचा तो फक्त ढीग. खरकटा, ओला, बुळबुळीत. त्याला हात कुठून घालायचा हे न कळून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि बिस्किटं खाऊन झोपायची. बाई लावून पाहिली होती, पण भांड्यांची आदळआपट तिला सहन होईना.

भैरवी ऑटिस्टिक आहे, हे डॉक्टरांनी तिला तिशी उलटल्यावर सांगितलं. नातेवाइकांनी तिचं निदान लहानपणीच करून टाकलं होतं : आळशी.

शेवटी तिनं एक ताट, एक कुकर, एक चहाचं पातेलं आणि एक कप ठेवला. बाकी सगळी भांडी खालच्या मजल्यावरच्या भीमाबाईच्या मुलीला लग्नात देऊन टाकली. आता खायचं तर तेच ताट घासावं लागे. ढीग व्हायला भांडीच उरली नाहीत. प्रतापनगरातल्या त्या फ्लॅटमध्ये रोज गरम वरणभात होऊ लागला.

आणि एका रविवारी श्रीधरकाका नि ताराकाकू न कळवता आले.

चहा अर्थातच आधी काकांना मिळाला.

"अन् काकूले?" काकांनी विचारलं.

"कप एकच आहे," भैरवी म्हणाली आणि कारणही सांगितलं.

काका सोफ्यावर रेलले. "भांडी घासाले काय लागते? सारं जग करून राहिलं. मनावर घ्यावं लागते, बस."

"तुम्ही सुरुवात कुठून करता, काका?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणे मारणं तिला कधी जमलंच नव्हतं. तरी तिचे प्रश्न लोकांना नेमके झोंबत.

"मी? ते तुझी काकू पाहते."

"मग आज तुम्ही करून दाखवा. कप धुतला की काकूंना चहा देते."

काकांनी बायकोकडे पाहिलं. एरवी अशा वेळी काकू उठायच्या. आज त्या खुर्चीत आणखी मागे सरकल्या. "घासा नं. चहा थंड होऊन राहिला."

काका आत गेले. नळ धो धो सुटला. "घासणी कुठंय?" अशी हाक आली. घासणी त्यांच्या नाकासमोर होती. बऱ्याच वेळानं ते पोटापर्यंत भिजून बाहेर आले. "साबणच निघत नाही याचा!"

"हो ना," भैरवी मनापासून म्हणाली. "ती बुळबुळ मलाही सहन होत नाही."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

संध्याकाळी काकांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं की भैरवीनं वडीलधाऱ्यांना भांडी घासायला लावली. लगेच सल्ल्यांचा पाऊस पडला. पुण्याच्या कुणीतरी सकारात्मक विचारांचा व्हिडिओ टाकला. भैरवी ग्रुपमधून बाहेर पडली.

पुढच्या आठवड्यात काकूंचा मेसेज आला : "एकटीच येऊ काय?" त्या आल्या आणि दिवाणावर आडव्या झाल्या. भैरवी खिडकीशी आपलं काम करत बसली.

"बरं वाटते वं इथं," काकू डोळे मिटून म्हणाल्या. "कोणी काही मागत नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकांना घरात साखर सापडत नव्हती.

"डब्यात आहे," काकू म्हणाल्या. कोणत्या डब्यात, ते न सांगता त्यांनी फोन बंद करून टाकला.