मामांचा दोर

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, दोर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कपडे वाळत घालायची दोरी आली असेल, तर आधी ती काढून टाका. मी तुमच्या मनगटाहून जाड आहे, आणि तीन मजली घराच्या गच्चीवरून सोडलं तरी खाली माझं वेटोळं पडेल इतका लांब आहे. पाण्यात भिजलो की मला उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात, आणि तीही कुरकुरत उचलतात. आता मी या संग्रहालयाच्या कोपऱ्यात टांगलेला असतो. खाली पाटी आहे, ‘हात लावू नये’. ती पाटी मला मुळीच आवडत नाही, कारण माझं सगळं आयुष्य माणसांच्या हातांत गेलं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथं यंत्रावर माझ्या पेडांची वेणी घातली गेली. यंत्र चालवणारी बाई मधेमधे थांबून मला बोटांनी चाचपायची. एका ठिकाणी वेणी जरा सैल पडली, तर तिनं तेवढी उसवून पुन्हा घालायला घेतली. शेजारची म्हणाली, “अगं, एवढ्यानं काय बिघडतंय?” ती म्हणाली, “याच्यावर कुणाचं तरी लेकरू लटकणार आहे बाई.” तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, बाई उगीच काटेकोरपणा करतेय.

तिथून मी समुद्राकाठी नौदलाच्या तळावर आलो. हेलिकॉप्टरं ठेवायची भलीमोठी शेड, आत तेलाचा वास आणि सतत खारट वारा. तिथंच मला मामा भेटले. हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बसून काम करणारा तो माणूस. खरं तर ते एकाच माणसाचे मामा. नौदलाच्या कमांडोंच्या तुकडीत त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा होता. पहिल्याच दिवशी तो शेडमध्ये सगळ्यांदेखत “मामा!” अशी हाक मारून बसला. मग काय, वैमानिक बाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले.

आमचं काम सांगतो. भर समुद्रात एखादं जहाज लुटारूंनी ताब्यात घेतलं, तर कमांडो तिथं पोचणार कसे? होडीनं गेले तर लांबूनच दिसतात. म्हणून वैमानिक बाई हेलिकॉप्टर थेट जहाजाच्या डोक्यावर नेऊन स्थिर धरायच्या. मामा मला दारावरच्या दांड्याला अडकवून खाली सोडायचे आणि एकेकाच्या खांद्यावर थाप मारायचे. थाप पडली की तो जवान मला दोन्ही हातांनी धरून सरसर खाली घसरायचा. ना पट्टा, ना कडी. त्याचे हात आणि मी, एवढंच. सगळे उतरले की आम्ही बाजूला होऊन घिरट्या घालायचो, वरून नजर ठेवायचो, आणि कुणी जखमी झालं तर त्याला उचलून न्यायचो. लढाई त्यांची, पण त्यांना तिथवर पोचवणं आणि परत आणणं आमच्याकडे होतं.

माझ्या वरच्या टोकाला एक खीळ असायची. ती ओढली की मी हेलिकॉप्टरपासून सुटून खाली पडायचो. खाली माझं टोक कशात अडकलं आणि जहाज कललं, तर मी हेलिकॉप्टरलाच खाली खेचणार. अशा वेळी खीळ ओढायची, मग दोर गेला तरी चालेल. पण दोरावर माणूस असताना ती ओढायची नाही. मामांच्या हातात ही खीळ होती.

मामांनी माझी जी काळजी घेतली ना, तशी लोक पोटच्या पोराची घेत नाहीत. समुद्रावरून आलो की गोड्या पाण्यानं अंघोळ, मग सावलीत वाळवण, मग हातभर हातभर तपासणी. कुणी चुकून माझ्यावर पाय दिला की संपलंच. “ए, तुडवायला ते पायपुसणं आहे का रे?” असे गरजायचे की समोरचा उडी मारून बाजूला.

भाचा एकदा म्हणाला, “मामा, खरं सांगा, तुमचा जीव माझ्यावर जास्त की या दोरावर?”

“दोरावर,” मामा म्हणाले. “तो उलट बोलत नाही.”

एकदा घरच्या मंडळींना शेड बघायला बोलावलं होतं. मामांची बहीण आली. तिनं मला दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि म्हणाली, “अरे देवा, एवढ्याशा दोरावरून उतरतो हा?”

“एवढासा?” मामांना ते चांगलंच लागलं. “बैल बांध याला!”

ती हसली, पण डोळे भरले होते. “दादा, मला हा एकुलता एक आहे रे. तुझ्या हातात देतेय.”

“माझ्या हातातून काही पडत नाही,” मामा म्हणाले. मित्रांनो, हे वाक्य ते बोलले नसते तर किती बरं झालं असतं.

त्या सकाळी समुद्र खवळलेला होता. एका मालवाहू जहाजावर लुटारूंनी खलाशांना इंजिनाच्या खोलीत कोंडलं होतं. आम्ही ढगांखालून गेलो. बाईंनी हेलिकॉप्टर जहाजावर आणून धरलं. जहाज पाळण्यासारखं हलत होतं. मामांनी मला सोडलं, थाप मारली, पहिला उतरला, मागोमाग दुसरा, मग तिसरा. भाचा सगळ्यांत शेवटी होता. त्याला थाप मारताना मामांचा हात खांद्यावर क्षणभर रेंगाळला. मग तो माझ्यावर आला.

तो अर्ध्यावर असताना एक मोठी लाट आली. डेकवर पडलेलं माझं टोक घसरलं आणि एका लोखंडी शिडीच्या खाली घट्ट अडकलं. पुढच्याच लाटेला जहाज दुसऱ्या बाजूला कललं आणि मी ताठ झालो. माझा एकेक पेड करकरला. वर हेलिकॉप्टर तिरकं झालं. बाई ओरडल्या, “मामा, दोर सोडा! सोडा दोर!”

मामांचा उजवा हात खिळीवर होता. पण माझ्यावर त्यांच्या बहिणीचा मुलगा होता, आणि खाली लोखंडाचा डेक. न ओढावी, तर हेलिकॉप्टरमधली सगळी माणसं जाणार. मामांच्या तोंडून “उतर, उतर रे लवकर” एवढंच निघत होतं, आणि पंख्याच्या आवाजात ते कुणालाही ऐकू जात नव्हतं.

भाच्यानं वर पाहिलं. त्याला सगळं कळलं. मित्रांनो, आता मी सांगतोय ते नीट ऐका, कारण हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. माझ्यावरून घसरून पडणाऱ्या माणसाची बोटं एकेक करून सुटतात, ती शेवटपर्यंत मला ओरबाडत असतात. भाच्याचे हात तसे सुटले नाहीत. त्यानं मला एकदा घट्ट आवळलं आणि दोन्ही हात एकाच वेळी उघडले. आपण होऊन उघडले. मामांनी ते पाहिलं नाही, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर, एका श्वासाइतक्या अंतरानं, त्यांनी खीळ ओढली.

मी सुटलो आणि त्याच्या शेजारीच येऊन पडलो. शिडीच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं होतं. सोबत्यांनी त्याला ओढून आडोशाला नेलं आणि ते लढायला पुढे गेले. सगळे खलाशी जिवंत सुटले. मग हेलिकॉप्टर परत आलं, जखमींना उचलायच्या पाळण्यात घालून भाच्याला वर घेतलं. वर ओढायचं यंत्रही मामांच्याच हाताखाली होतं. म्हणजे पोराला वर घेणंही त्यांच्याच नशिबी आलं. तोवर त्याच्यात जीव उरला नव्हता.

पुढे चौकशी झाली. मामा एवढंच म्हणाले, “तो दोरावर होता. मी खीळ ओढली.” वरिष्ठांनी त्यांना दोष दिला नाही. उलट हेलिकॉप्टर वाचवलं म्हणून पाठ थोपटली. त्या दिवसानंतर मामा दारात बसले नाहीत. जहाजावरून मला परत आणलं, तर धुवायलाही आले नाहीत. मीठ अंगावर तसंच राहिलं, मी कडक झालो, आणि मला एका अंधाऱ्या कोठडीत टाकून दिलं.

बहिणीला मामांनी स्वतः जाऊन तेच सांगितलं. मी तिथं नव्हतो, पण पुढे इथं, माझ्यासमोरच, ते दोघं बोलले तेव्हा मला कळलं. तिनं तेव्हा दार लावून घेतलं होतं आणि कित्येक वर्षं भावाशी बोलणं टाकलं होतं.

पुढे मला कोठडीतून काढून इथं संग्रहालयात टांगलं, तेव्हापासून मामा येऊ लागले. बाकावर बसतात, माझ्याकडे बघतात, उठून जातात. रखवालदार आता त्यांना तिकीट विचारत नाही. एकदा त्यांची बहीणही आली. केस पार पांढरे झालेले. ती त्यांच्याशेजारी बसली.

मग ती म्हणाली, “दादा, मी तुला माफ केलं. केव्हाच केलं. सांगायला मात्र यायला जमलं नाही.”

मामा लहान मुलासारखे रडले. “त्यानं वर पाहिलं होतं गं माझ्याकडे. मामा आहे म्हणून विश्वासानं पाहिलं असेल. आणि मी...”

“पुरे आता,” ती म्हणाली. “चल, तुला घरी सोडते.”

ती त्यांना हाताला धरून घेऊन गेली, आणि मी इथं लटकत राहिलो. त्या बाईनं मन एवढं मोठं करून माफी दिली, ती त्या माणसानं न केलेल्या गोष्टीची. ती घेऊन तो घरी गेला आणि रडतच राहिला. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

म्हणून मित्रांनो, माझं एक काम करा. मला धुवा, वाळवा, असं मी म्हणत नाही. माझं काय, मी दोर आहे. पण इथं समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसतात. उजवा हात नेहमी खिशात असतो, बाहेर काढतच नाहीत. मोठ्यांशी ते बोलत नाहीत, मुलांशी मात्र बोलतात. ते दिसले तर त्यांच्याजवळ जा, आणि सांगा, “आजोबा, तुमच्या भाच्यानं आधी हात सोडले. खीळ तुम्ही नंतर ओढलीत.” पहिल्यांदा ते ऐकणार नाहीत. पुन्हा सांगा. जरा लवकर सांगा, आता ते काठी घेऊनही धापा टाकत येतात.