लिनक्सच्या दारावरची थाप

तैवानात भूकंप झाल्याचं रेडिओवर ऐकलं आणि म्हस्कूआबा न् सारजाकाकू कळंबहून पहिल्या एसटीनं बारामतीत, थेट माझ्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आले. त्यांचा संभाजी तिकडं कॉम्प्युटरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. फोन लागत नव्हता. माझं माहेर त्यांच्या शेजारचं, त्यामुळे पोराची चिठ्ठी माझ्या, म्हणजे योगिनीच्या, यंत्रात येते एवढं त्यांना ठाऊक होतं. किल्लारीच्या भूकंपाचं ऐकलेली माणसं ती. काकूंनी चहालाही हात लावला नाही.

मेल काही येईना. त्यात कुणी काही करत नसताना मोडेमचा दिवा राहून राहून लुकलुकत होता. माझं डोकंच फिरलं. लॅबमधली बाकीची सगळी यंत्रं बंद करायला लावली, तरी तेच. म्हणजे बाहेरून कुणीतरी आमच्या लिनक्स प्रणालीच्या यंत्रात घुसायला बघत होतं. "आजच मुहूर्त सापडला का मेल्याला!" मी करवादले.

टीसीपीडंप लावलं. तारेवरून जे जे येतं-जातं, ते त्यात ओळीनं दिसतं. एकच परका पत्ता, नुसते आकडे. तो पिंग करत होता. पिंग म्हणजे दारावरची थाप. तिकडून विचारायचं, "आहेस का?" आपलं यंत्र आपोआप म्हणतं, "आहे." त्यापलीकडे एक अक्षर नाही. मी तो पत्ता अडवायची आज्ञा टाइप केली आणि एंटर मारणार, तेवढ्यात थबकले.

दोन थापा, मग शांतता. पुन्हा दोन, पुन्हा शांतता. लिनक्सवर सोडून दिलेलं पिंग आपणहून थांबत नाही. हे कुणीतरी हातानं थांबवत होतं. पत्ता कुणाचा ते शोधलं. उत्तर आलं, तैवान.

आमच्याकडे पोरं शिकायला बाहेर पडली, की पोचल्यावर गावातल्या दुकानाच्या फोनवर दोन रिंगा देऊन ठेवून देतात. दुकानदारानं उचलायचा नाही, नुसता घरी निरोप धाडायचा, पोरगं सुखरूप पोचलं. आणि हे लिनक्स संभाजीनंच इथं विद्यार्थी असताना बसवलेलं, त्याच्या पत्त्याचे आकडे त्याला तोंडपाठ. तिकडचे फोन मेले, मेल मेली, पण कुठलीतरी एक तार जिवंत राहिली होती. या यंत्रांवर मी पोट भरते, तरी त्या क्षणी देवासमोर उभी असल्यासारखे माझे हात जुळले.

"आबा, काकू, हितं या. ह्या दोन वळी बघा. संभाजीच्या रिंगा हायत्या."

"त्योच कशावरनं?" आबांनी विचारलं.

काकू पडद्याजवळ आल्या. "आपुन उलटी रिंग दिली तर त्याला कळंल का गं?"

"पडद्याकडं बघत असंल तर कळंल."

अडवायची आज्ञा मी पुसली. पिंग लिहिलं, दोनच थापांचं, आणि काकूंचं बोट धरून एंटरवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटून दाबलं.

तिकडच्या यंत्राचं आपोआपचं "आहे" दोनदा आलं, मग बराच वेळ काहीच नाही. आबांनी पटका काढून मांडीवर धरला. मग एक ओळ आली. दुसरी आली. तिसरी, चौथी, आणि मग ओळी थांबेचनात, पडदा भराभरा वर सरकायला लागला.

"आता किती रिंगा झाल्या, बाई?" आबांनी विचारलं.

"मोजू नगा, आबा," मी म्हणाले. "रडतंय पोरगं."