सैल सांध्यांचं घराणं

सर्कशीत त्याला सगळे गुंडाळी म्हणत. पाठीला खाज सुटली की त्याचे आजोबा म्हणे स्वतःच्याच नाकाने खाजवत, आणि वडिलांनी तर एकदा अंगाची अशी गाठ मारून घेतली की सोडवायला अख्खा तंबू लोटला. या घराण्यात मूल झालं की आधी त्याचा अंगठा मनगटाला टेकतो का ते पाहायचं. लेकीचा टेकला तेव्हा गुंडाळी आनंदाने घडी होऊन पाळण्याखालीच झोपला होता.

आज त्या लेकीचा पहिला खेळ. काचेच्या पेटीत दुमडून बसायचं. सकाळच्या तालमीत तिचा खांदा निखळला. गुंडाळीने तो सफाईने जागेवर बसवला.

"आपल्यात होतं असं."

"आपल्यात नाही, तुमच्यात," बायको म्हणाली आणि दोघांना पुढे घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी पोरीची कोपरं, गुडघे वाकवून पाहिले. म्हणाल्या, "शरीराला बांधून ठेवतात, आधार देतात त्या संयोजी ऊती. हाडं, कूर्चा, चरबी, अगदी रक्तसुद्धा त्यांच्यातच मोडतं. हाडाला हाड बांधतात ते अस्थिबंध. हिचे फार सैल आहेत. पेटीत शिरत राहिली, तर खांदा पुन्हा पुन्हा निखळेल."

"अहो बाई, कला आहे ती!"

"असेल. बांधणी कच्ची आहे, तेही खरंच. तुमचे गुडघे काय म्हणतात?"

गुंडाळी छताकडे पाहू लागला.

"रोज सकाळी मी उभं करते यांना," बायको म्हणाली, "तंबूच्या खांबासारखं."

बंध काही आवळता येणार नाहीत, बाई म्हणाल्या. स्नायू बळकट केले तर तेच सांधे सावरतील.

संध्याकाळी मालकाने पेटी मागवली. घराण्याचा खेळ आज थांबला तर तो कायमचाच, हे गुंडाळीला कळत होतं. त्याने पेटीला कुलूप घातलं आणि विदूषकाला पुढे ढकललं.

पोर भडकली. "मग मी करू काय?"

"सरळ उभी राहा."

"ते कुणालाही येतं!"

"गुडघे मागे न झुकवता राहून दाखव."

ती राहिली. थोड्याच वेळात तिच्या मांड्या थरथरू लागल्या, कपाळावर घाम आला. गुंडाळीही शेजारी उभा राहिला. पडद्यापलीकडे लोक "पेटी! पेटी!" ओरडत होते. उभ्या जन्मात त्याने एवढा अवघड खेळ केला नव्हता.

"बाबा," पोर दात आवळून म्हणाली, "तुमचा डावा गुडघा झुकतोय."