न्यायला कोण आलं?

जमुना चोर होती, आणि चांगली हुशार चोर होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अकोल्याच्या बसस्टँडवर गर्दीत ब्लेडनं पर्स कापावी तर तिनंच. तीनदा पकडली गेली, आणि तिन्ही वेळा एकाच पोलीसबाईनं पकडली, दीपमालानं. आज ती अमरावतीच्या तुरुंगातून तिसऱ्यांदा सुटली, तर फाटकासमोर तिच्या टोळीचा म्होरक्या शेखर नेहमीसारखा मोटारसायकल लावून उभा, हातात गरम कचोऱ्यांचा पुडा. आणि त्याच्या पलीकडे, साध्या साडीत, दीपमाला.

"आता काय केलं मी?" जमुना घाबरली.

"काही नाही. न्यायले आली तुले."

चोरी कशी केली, माल कुठं विकला, हे जमुनाला सगळ्यांचं विचारून झालं होतं. दीपमालानं मात्र जुने कागद चाळून पाहिलं, की ही बाई सुटल्यावर महिन्याच्या आत पुन्हा सापडते. का? तर माहेर-सासरचं कुणी फाटकाकडे फिरकत नाही, आणि "जेवली का?" म्हणून विचारणारा एकटा शेखर असतो. हे शोधायला डोकं लागतं, आणि सुट्टीच्या दिवशी पदरचं तिकीट काढून यायला काळीज. दोन्ही असलेली माणसं फार थोडी.

"माह्या घरी राह्य. सासूच्या खानावळीत पोळ्या लाटाले बाई पाह्यजे."

शेखर खो खो हसला. "बाई, ही तुमचीच पर्स मारीन!"

"मारली तं पकडीन. तीनदा पकडली, चौथ्यांदा काय अवघड हाय?"

जमुनालाही हसू फुटलं. ती दीपमालामागं निघाली खरी, पण मन अजून कचोऱ्यांपाशीच घुटमळत होतं.

स्टँडवर अकोल्याच्या गाडीच्या दाराशी ही झुंबड. आत शिरणाऱ्या बायांत, हातावर ओढणी टाकलेली पंचविशीची प्रणाली दिसली. शेखरच्याच टोळीतली. ओढणीखाली ब्लेड कसं धरायचं, हे जमुनानंच तिला शिकवलेलं. गप्प राहिलं तर शेखरचं दार उघडं राहणार होतं, बोललं तर कायमचं बंद. जमुना ओरडलीच.

"बायांनो, पर्स पुढं घ्या! गर्दीत ब्लेड हाय!"

सगळ्यांचे हात पर्सवर गेले. प्रणाली पांढरीफटक पडली. दीपमालानं वळून दोघींकडे पाहिलं, तिला सारं कळलं, आणि तिनं आत जाऊन तिघींची सीट धरली.

जमुना मागोमाग चढली, खिडकीकडे सरकली आणि तिनं शेजारची जागा थोपटली.

"प्रणाली, उभी काहून? फेक ते ब्लेड. अन् ये, बस इथं."