टेकडीवरची बाई

कर्वेनगरची स्पृहा तीन महिने उपाशीपोटी वेताळ टेकडी चढत होती. स्वतःच्या लग्नात जाड दिसायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. रोज सकाळी एक काटकुळी बाई तिच्यापुढे चालायची आणि मागे न बघता म्हणायची, "अजून एक फेरी." स्पृहा मुकाट्याने ती मारायची.

त्या दिवशी मात्र तिला अंधारी आली. दगडावर टेकून तिने आईने बळेच पिशवीत कोंबलेला डबा उघडला. पोळीच्या वासाने बाई थबकली आणि शेजारी येऊन बसली. वाटेवरच्या धुळीत फक्त स्पृहाच्या बुटांचे ठसे होते.

ते स्पृहाच्या लक्षात आलं. तरी तिने अर्धी पोळी पुढे केली. "घ्या ना."

बाईने घास तोंडाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. "चावायचं कसं, तेच आठवत नाही गं," ती म्हणाली. "मीसुद्धा लग्नापर्यंतच म्हणाले होते."

स्पृहाने आपली पोळी रडत रडत, पण सावकाश चावून संपवली. मान वर केली तेव्हा दगडावर नुसता तो घास पडलेला होता.

पुढेही ती टेकडीवर जात राहिली, पण नाश्ता करून. दमली की परत फिरायची.