डोंगरात दार लावायचं नसतं

डोंगरातल्या झोपडीचं दार कुणालाही बंद करायचं नसतं, हे इंगुनला नॉर्वेतल्या कुठल्याही पोरासारखं बोबडं बोलायच्या वयापासून पाठ होतं. वारा पिसाळला तर आतून आकडा लावायचा आणि कुणी ठोठावलं की काढायचा. मग दारात चोर असो की साव. खाली गावात काय वाट्टेल ते करा, वर हाच कायदा.

आणि आज भर दुपारी तोच आकडा मुठीत घट्ट दाबून ती उभी होती. बाहेर पाऊस होता, गारठा होता आणि टेर्ये होता.

"उघड की गं! चिंब भिजलोय!"

हा टेर्ये म्हणजे काल संध्याकाळी खालच्या मोठ्या मुक्कामावर जेवायला तिच्या शेजारी येऊन बसलेला बाप्या. "एकटीच? उद्या कुठं? कुठल्या वाटेनं?" असं गोड गोड विचारत त्यानं टेबलाखालून तिच्या मांडीवर हात ठेवला. तिनं झटकला. त्यानं हसत परत ठेवला. तेव्हा ती ताडकन उठली आणि खुर्ची धाडकन मागे पडली. समोर बसलेल्या गुन्वोर नावाच्या साठीच्या बाईनं सगळं पाहिलं. पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "स्वेरे, बटाटे सरकव जरा इकडे."

इंगुन सकाळी सगळ्यांच्या आधी निघाली. त्याला सांगितलेली वाट सोडून तिनं मुद्दाम दुसरी धरली. या झोपडीला राखणदार नाही. लाकडं आपण फोडायची, चूल आपण पेटवायची. चूल पेटते न पेटते तोच हा हजर! वाट चुकलो म्हणे.

"लाकडं ठेवायच्या खोपीत जा," ती दाराआडून ओरडली. "कोरडं आहे तिथं, घोंगड्या आहेत. पाव आणि चीज खिडकीतून देते."

"डोकं फिरलंय का तुझं? डोंगरात दार लावतात?"

"तुला लावतात!"

शिव्या देत तो खोपीत गेला. चार भिंती होत्या, छप्पर होतं. मरत नव्हता मेला.

संध्याकाळ होता होता स्वेरे आणि गुन्वोर येऊन पोचले. त्यांचे आवाज ऐकून इंगुनचा जीव भांड्यात पडला. तिनं दार सताड उघडलं. त्यांच्या मागोमाग घोंगडी पांघरून टेर्येही आत शिरला, दात वाजवत. जरा जास्तच वाजवत.

स्वेरेला झाला प्रकार कळला आणि तो भडकलाच. "जन्म गेला माझा या डोंगरांत! माणसाच्या तोंडावर दार लावलेलं आज पहिल्यांदा ऐकतोय. मेला असता म्हणजे?"

"अरे, काल यानं—"

"काल काय? लागला असेल हात चुकून. तेवढ्यासाठी माणसाला बाहेर ठेवायचं?"

टेर्येनं मान खाली घातली. "जाऊ दे रे स्वेरे. घाबरली असेल बिचारी. माझ्या मनात काही नाही."

काय पण मोठं मन! इंगुनच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गुन्वोरकडे वळली. "गुन्वोर, तू समोर होतीस. तू पाहिलंस. सांग ना यांना." एवढंच हवं होतं तिला, एक वाक्य.

गुन्वोर चुलीवरचं सूप ढवळत होती, ढवळतच राहिली. पाकिटातलं सूप, त्याला मेलं एवढं ढवळायला काय लागतं? शेवटी ती म्हणाली, "माझं लक्ष जेवणात होतं. आणि दार लावायचं नसतं, इंगुन."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही अशी. झोपायची खोली एकच, खाटा एकीला एक लागून. इंगुननं आपलं अंथरूण गुंडाळलं. "मी खोपीत झोपते," ती म्हणाली. जाऊ नकोस असं कुणी म्हणालं नाही. टेर्येनं चुलीवरच्या दोरीवरून तिचे मोजे काढून तिच्या हातात दिले आणि आपले वाळत घातले.

खोपीत जमिनीवर त्याच्या बुटांचा चिखल होता. तिनं तो पायानं बाजूला सारला आणि अंथरूण पसरलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. गुन्वोर सुपाचा वाडगा घेऊन उभी होती.

"गरम आहे तोवर पी," ती म्हणाली. मग झोपडीकडे एकदा वळून बघत आवाज खाली आणला. "आतून आकडा नीट लाव हं. आणि तो ओंडकाही सरकव दाराशी."

इंगुननं विचारलं, "आणि तू गं?"

"माझं काय! मी भिंतीकडची खाट घेतलीय. मध्ये स्वेरेला घातलंय."

इंगुननं वाडग्याला हात लावला नाही. तिनं गुन्वोरच्या तोंडावर दार लावलं, आकडा घातला आणि ओंडका दाराशी सरकवला.