गुडघ्याखालची गादी

मी बोलतेय, गुडघ्याखालची गादी. डोक्याखालच्या उशीला लोक अभ्रे घालतात, ऊन दाखवतात, पाहुणा आला की दोन-दोन देतात. माझी विचारपूस कुणी करत नाही. तक्रार नाही, आपलं माहिती म्हणून सांगितलं.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या शिलाई मशीनवर झाला. वरचं कापड मिस्त्रीच्या जुन्या पँटचं, आतला फोम एका मोडक्या सोफ्याचा. मिस्त्री फरश्या बसवण्याचं काम करतो, म्हणजे दिवसभर गुडघ्यांवर. ते दुखतात म्हणून त्याच्या बायकोने मला शिवलं. पण पहिल्याच दिवशी साइटवरच्या जोडीदारांनी "या महाराज, गादी घेऊन या" म्हणत त्याची अशी खेचली, की संध्याकाळी घरी येताच त्याने मला कोपऱ्यात भिरकावलं. माझी पहिली नोकरी एक दिवस टिकली.

त्याच कोपऱ्यात, खिडकीखाली, त्याची बायको, म्हणजे आमच्या बाई, रोज पहाटे प्रार्थनेला गुडघे टेकत. त्यांनी मला उचललं, झटकलं आणि कामावर ठेवलं.

प्रार्थना म्हणजे काहीतरी भारदस्त प्रकरण असणार, असं मला वाटायचं. बाईंचं तसं नव्हतं. बायबलमधला थोडा भाग वाचायच्या, मग प्रभूशी बोलायच्या. कधी डोळे भरून, कधी जांभया देत. दूध उतू जायला लागलं तर उठून गॅस बंद करायच्या आणि परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. थंडी असो, ताप असो, रात्री घरात भांडण झालेलं असो, खाडा म्हणून नाही.

मिस्त्री चहाची वाट बघत म्हणायचा, "अगं, मी दिवसभर गुडघ्यांवरच असतो. देवाला ते दिसत नाही का?"

"दिसतं की. पण तिथे तुम्ही फरशीशी बोलता."

मग बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायला निघताना त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या कामावर कुणी आजारी पडला की बदली माणूस पाठवतात ना? तसं रोज माझ्या जागी बसा. बाकी काही नको."

मिस्त्रीने मान हलवली. त्या क्षणी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी त्याने मान हलवलीच असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो माझ्यावर टेकला. डोळे मिटले. शब्द सुचेनात. हाताला चाळा म्हणून त्याने समोरची फरशी बोटाने ठोकली. ती पोकळ वाजली. त्याने शेजारची ठोकली. मग डोळे उघडले आणि तो छिन्नी-हातोडी घेऊन आला. उजाडेपर्यंत कोपऱ्यात फरशी उरली नव्हती आणि मी सिमेंटच्या गोणीवर पडले होते. माणसांचं असंच असतं. देवाजवळ बसायचं ठरलं की आधी त्यांना जागा दुरुस्त करायची असते.

ऑपरेशननंतर तो भेटायला गेला तेव्हा बाईंनी त्याच्या नखांतलं सिमेंट पाहिलं. पुढचं बोलणं त्यानेच नंतर पहाटे प्रभूला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

"सुट्टी घेतलीत ना? मग काय उचकटलंत?"

"कोपरा. पोकळ होता."

बाई हसायला गेल्या, टाके दुखले म्हणून थांबल्या.

"माझं मन लागत नाही गं," तो म्हणाला.

"कामावर काय मन लागतं म्हणून जाता? जायचं असतं म्हणून जाता. इथेही तसंच बसायचं. मन येतं मागून."

कोपऱ्यात नवी फरशी बसली आणि तेव्हापासून तो बसू लागला. "प्रभू, मी बदलीवर आहे. तिला सांभाळ." एवढीच त्याची प्रार्थना. ती संपल्यावरही उगाच थोडा वेळ थांबायचा, मालक आणखी काही काम सांगतील म्हणून थांबावं तसा.

बाई घरी आल्या. पण भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. मिस्त्रीने मला पुढे केलं. "ऊठ, तुझी जागा तयार आहे."

"मला नाही जमत," त्या म्हणाल्या. "आतून सगळं कोरडं पडलंय. काही बोलले तरी खोटं वाटेल मला."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. ऑपरेशनला तो इतका घाबरला नव्हता. स्वतःच्या विश्वासाचा त्याला कधीच भरवसा नव्हता, आजवर तो तिच्याच विश्वासावर निभावत आला होता. मीही घाबरले.

चर्चच्या मंडळीतल्या बायका आल्या आणि भरपूर उपदेश करून गेल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पाळक आले, जवळ बसले, चहा पिऊन मुकाट्याने गेले. त्यांचं येणं बाईंना बरं वाटलं.

मिस्त्री मात्र रोज येत राहिला. आता मोठ्याने बोलायचा, आत ऐकू जाईल असं. "प्रभू, ती आजही आली नाही. तिच्यावर रागावू नकोस, माणूस कामाचं आहे. ती येईपर्यंत मी आहे." मग ओळखीतली दुखणीखुपणी आठवतील तशी सांगायचा.

एका पहाटे तो म्हणाला, "प्रभू, शेजारच्या काकूंचा मोडलेला पाय लवकर बरा कर."

"पाय नाही," मागून आवाज आला. "हात मोडलाय त्यांचा."

बाई भिंतीला धरून दारात उभ्या होत्या. मिस्त्री धडपडत उठला आणि मला त्यांच्याकडे सरकवलं. गुडघे टेकायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून त्या माझ्यावर सरळ बसल्या. तो शेजारी उघड्या फरशीवर टेकला.

"प्रभू, हात," तो म्हणाला. "चुकलो."

बाईंनी डोळे मिटले. बोलल्या काहीच नाहीत. पण आमेन मात्र दोघांचं आलं. मला रडता येत नाही. फोमची ती एक अडचण आहे.

आता रोज असंच चालतं. बाई कधी दोन वाक्यं बोलतात, कधी एकही नाही, पण येऊन बसतात. माझा फोम चपटा झालाय, शिवण उसवलीय, नवी गादी शिवण्याची भाषा घरात सुरू आहे. माझी हरकत नाही. विनंती एकच: मला फेकायचं त्या दिवशी सकाळची प्रार्थना होऊ द्या, मग फेका.